आधी अंदाज, मग पडदा: वर्गात तंत्रज्ञान कामाला कसं लावावं

पाठाचं टाचण काढताना जिथे जिथे प्रोजेक्टर, मोबाइल किंवा संगणक वापरावासा वाटतो, तिथे मी समासात एक प्रश्न लिहिते: पडदा चालू असताना मूल काय करत असेल? उत्तर नुसतं ‘बघत असेल’ असं आलं, तर तिथे खडू-फळा पुरेसा आहे. ‘अंदाज लिहीत असेल’, ‘मोजत असेल’, ‘शेजारच्याला पटवून देत असेल’, ‘स्वतःच्या उत्तरातली चूक शोधत असेल’ असं काही आलं, तरच उपकरण वर्गात आणायचं.

मी माध्यमिक वर्गांना विज्ञान आणि गणित शिकवते. एक प्रोजेक्टर, शिक्षकाचा एक फोन आणि भरलेला वर्ग एवढ्या सामग्रीवर काय करता येतं, त्याबद्दल मुख्यतः लिहिते आहे, कारण बहुतेकांच्या हाताशी तेवढंच असतं आणि पुष्कळ कामं तेवढ्यात होतात.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संस्थेनं २०१५ साली ‘पिसा’ या अनेक देशांतल्या शाळकरी मुलांच्या चाचणीच्या निकालांवरून एक अहवाल काढला होता. शाळांमधल्या संगणकांवर ज्या देशांनी मोठा खर्च केला, त्यांच्या मुलांच्या वाचनात, गणितात किंवा विज्ञानात नजरेत भरेल अशी सुधारणा त्यात आढळली नाही. यंत्रं निरुपयोगी आहेत असा अर्थ मी यातून काढत नाही. यंत्र आलं, पण तास होता तसाच राहिला, शिक्षक सांगतोय आणि मुलं ऐकताहेत, तर निकाल बदलायला कारणच काय? आधी तासाची मांडणी बदलायला हवी. म्हणून कोणतं ॲप चांगलं यापेक्षा तासात ते कुठे बसवायचं यावरच मी इथे जास्त बोलणार आहे.

विजेचा एक तास, जवळून

विद्युतधारा हा धडा घ्या. ओहमच्या नियमावरची गणितं बिनचूक सोडवणाऱ्या मुलांच्याही मनात एक कल्पना घट्ट बसलेली असते: घटातून वीज निघते, दिव्यापाशी थोडी खर्च होते आणि उरलेली पुढे जाते. गणितं सोडवून ही कल्पना हलत नाही, आणि ‘असं नसतं’ म्हणून सांगितल्यानं तर मुळीच नाही.

यासाठी मी ‘फेट’ची परिपथ जोडणीची आभासी प्रयोगशाळा वापरते. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प. भौतिकशास्त्राचं २००१ सालचं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक असलेले कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. प्रयोग मोफत आहेत, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात, आणि त्यातले बरेचसे मराठीतही मिळतात.

तासाची सुरुवात मात्र पडदा बंद ठेवून. फळ्यावर मी दोन आकृत्या काढते. पहिलीत एक घट आणि एक दिवा. दुसरीत तोच घट आणि एकसर जोडणीत दोन सारखे दिवे, क आणि ख. घटाच्या धन टोकाजवळचा दिवा क. प्रश्न असा: दुसऱ्या परिपथात काय दिसेल? एक, क जास्त उजळेल. दोन, ख जास्त उजळेल. तीन, दोन्ही सारखेच आणि एकट्या दिव्याइतकेच उजळतील. चार, दोन्ही सारखे, पण एकट्या दिव्यापेक्षा मंद.

दोन मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकानं पर्याय आणि त्यामागचं कारण एका ओळीत वहीत लिहायचं, तेही पेनानं. पेनाचा आग्रह अशासाठी की पेन्सिलीनं लिहिलेला अंदाज उत्तर कळताच खोडला जातो, आणि आपण आधी काय मानत होतो हे मूल स्वतःच विसरून जातं. मग मी ‘एक, दोन, तीन’ म्हणते आणि सगळे एकाच वेळी पर्यायाचं कार्ड वर धरतात. एकाच वेळी धरण्याला महत्त्व आहे. एकेकाला विचारलं, तर वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर ऐकून बाकीचे आपलं बदलतात.

पुढचा निर्णय कार्डं मोजून घ्यायचा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी यासाठी एक सोपी पद्धत घालून दिली आहे. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील, तर मुलांना अजून पुरेसं कळलेलं नाही. आपण पुन्हा समजावायचं. ७० टक्क्यांहून जास्त असतील, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात असतील, तर आपण गप्प बसायचं आणि मुलांना आपल्यापेक्षा वेगळं उत्तर देणारा जोडीदार शोधून बोलू द्यायचं.

या प्रश्नावर वर्ग बहुधा मधल्या पट्ट्यातच असतो. बाकांमधून फिरताना कानावर पडतं, “पहिल्यानं खाल्ली ना थोडी, मग दुसऱ्याला उरलेलीच मिळणार.” त्यावर कुणी तरी म्हणतं, “मग घटाकडे परत काय जातं?” मला हाच प्रश्न हवा असतो. तो मुलांकडून आला, तर मी एक शब्दही बोलत नाही. नाही आला, तर मी स्वतः विचारते आणि आणखी एक मिनिट देते. मग पुन्हा मतदान.

इतकं झाल्यावर पडदा. यावेळेपर्यंत प्रत्येकाचं काही तरी पणाला लागलेलं असतं, म्हणून सगळे बघतात. संगणकावर मी बसत नाही. एक मूल माउस धरतं आणि दुसरं जागेवरून सूचना देतं: “ॲमीटर क च्या आधी लाव.” या प्रयोगात घट ९ व्होल्टचा आणि दिवा १० ओहमचा ठेवा. एकटा दिवा असताना ॲमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. दोन दिवे एकसर जोडल्यावर ०.४५. आता ॲमीटर तीन ठिकाणी लावायचा: क च्या आधी, दोघांच्या मध्ये आणि ख च्या नंतर. प्रत्येक वेळी लावण्याआधी थांबा आणि आकडा वहीत लिहून घ्या. मधल्या जागी बरीच मुलं ०.३ किंवा ०.२ लिहितात. पडद्यावर ०.४५ येतो. शेवटच्या जागीही ०.४५. वर्गात जो आवाज उठतो तो ऐकण्यासारखा असतो.

इथे घाईनं स्पष्टीकरण देऊ नका. “आधी ०.९० होती, आता सगळीकडे ०.४५ का?” हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि पुन्हा दोन मिनिटं द्या. घट ‘ठरावीक धारा’ पुरवतो या दुसऱ्या गैरसमजाला हात घालायची हीच वेळ असते. पुढे समांतर जोडणी: प्रत्येक दिव्यातून ०.९० आणि घटाजवळ १.८०. हा आकडा मुलं आता बऱ्याच अंशी स्वतःहून काढतात.

खरे दिवे वापरायचे की आभासी, असा वाद शिक्षकांमध्ये नेहमी होतो. नोआ फिंकलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आभासी परिपथांवर काम केलेल्या विद्यार्थ्यांनी संकल्पनांच्या प्रश्नांत खऱ्या साहित्यावर काम केलेल्यांपेक्षा चांगली उत्तरं दिली, आणि नंतर खरा परिपथ जोडून समजावून सांगण्यातही ते पुढे राहिले. त्याचं कारण मला पटतं: सैल जोडणी, उतरलेला घट, उडालेला दिवा यांत तास जात नाही आणि लक्ष धारेवर राहतं. तरी मी खरा परिपथ सोडत नाही. आभासी प्रयोगानंतर दोन खरे दिवे आणि ॲमीटर टेबलावर येतातच. खऱ्या दिव्यांत धारा बरोबर निम्मी होत नाही, निम्म्यापेक्षा थोडी जास्तच राहते, कारण मंद पेटलेली तार कमी तापते आणि कमी तापलेल्या तारेचा रोध कमी असतो. पडद्यावरचं आणि टेबलावरचं जुळत नाही हे मुलांनी पकडलं की प्रतिकृती म्हणजे काय, तिच्यात काय गाळलेलं असतं, हा विषय आपोआप निघतो.

शेवटची पाच मिनिटं वहीला. आधीचं कारण खोडायचं नाही. त्याखाली ‘आता मला असं वाटतं, कारण…’ लिहायचं. रात्री वह्या चाळताना मला दोन ओळी एकाखाली एक दिसतात, आणि वर्ग कुठून कुठे आला ते कळतं.

रोजच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी

परत वाचण्यापेक्षा आठवायचा प्रयत्न केल्यानं जास्त लक्षात राहतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणून तास सुरू होताना चार प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा आणि एक आजच्या धड्याला लागणारा. मुलांकडे फोन नसले तरी चालतं. ‘प्लिकर्स’ या ॲपची कार्डं छापून घ्या. प्रत्येक मुलाच्या कार्डावर वेगळी काळी-पांढरी चौकट असते. जो पर्याय निवडायचा त्याची बाजू वर करून कार्ड धरायचं आणि शिक्षकानं फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कुणी काय उत्तर दिलं याची नोंद फोनमध्ये होते. अक्षरं बारीक असल्यामुळे शेजारच्याचं उत्तर चटकन दिसत नाही. हेही नको असेल, तर एका कागदाला घड्या घालून चार बाजूंना चार पर्याय लिहा. नोंद राहणार नाही, पण वर्गाचा कल दिसेल.

पार्श्वसंगीत, उलटी मोजणी आणि पहिल्या तिघांची नावं झळकवणारे खेळ मी या कामासाठी वापरत नाही. त्यात वेगाला गुण मिळतात, आणि सावकाश पण नीट विचार करणारं मूल दोन-तीन हरण्यांनंतर अंदाजपंचे बटण दाबायला लागतं. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, बोलणारी मुलंही वाढतात. घड्याळ पळवणारं ॲप हे मिळवलेले तीन सेकंद काढून घेतं. उजळणीच्या शेवटी, मजा म्हणून, असे खेळ जरूर घ्या.

या साऱ्यात खरी मेहनत प्रश्नाच्या पर्यायांत आहे. चुकीचा पर्याय मुलांच्या खऱ्या चुकीतून आलेला हवा, म्हणजे कार्ड बघताच चुकीचं मूळ कळतं. उदाहरणार्थ, ०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.१२५ म्हणणारं मूल जास्त अंक म्हणजे मोठी संख्या असं धरून चाललं आहे. पण ०.४ म्हणणाऱ्यालाही कळलंच आहे असं समजू नका. काही मुलं ‘दशांश चिन्हानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी’ असा उलटा नियम बनवून बसलेली असतात आणि त्या नियमानं इथे उत्तर बरोबर येतं. म्हणून लगेच दुसरा प्रश्न: ०.४, ०.४५ आणि ०.३ यांतली मोठी कोणती? उलटा नियम वापरणारं मूल आता ०.४ म्हणतं. या दोन प्रश्नांत मिळून वर्गातले तीन गट वेगळे होतात. असे जोडप्रश्न एका फाइलमध्ये साठवत जा. दोन-तीन वर्षांत विषयाची चांगली शिदोरी तयार होते, आणि ती विषयाच्या इतर शिक्षकांना द्यायलाही उपयोगी पडते.

फोन उलटा टांगा

माझ्या मते वर्गातला सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत उपयोगी पडणारा पडदा म्हणजे मुलाची वही. टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत रचून तिच्या वरच्या पुस्तकाखाली फोन असा अडकवा की कॅमेरा टेबलाकडे बघेल. फोन प्रोजेक्टरला जोडा आणि खाली वही ठेवा. मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ती दिसते.

वही निवडताना बरोबर आणि नीटनेटकी वही घेऊ नका. चांगली सुरुवात होऊन मध्ये अडलेलं उत्तर घ्या. ज्याची वही आहे त्याला आधी हळूच विचारा, नावावर कागद ठेवा, आणि वर्गाला विचारा, “कितव्या ओळीपर्यंत आपण सगळे सहमत आहोत?” या प्रश्नामुळे ‘चूक कुठे आहे’ ऐवजी ‘इथवर बरोबर आहे’ पासून सुरुवात होते, आणि ज्याची वही आहे ते मूलही बोलायला लागतं. मग पुढची ओळ वर्गानं सांगायची आणि त्या मुलानं तिथेच लिहायची. चिन्हाची चूक, कंस सोडवतानाची गफलत, आलेखावर अक्षांची अदलाबदल, या गोष्टी पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणात दिसूच शकत नाहीत.

प्रयोग दाखवायलाही हीच मांडणी. परीक्षानळीतला रंगबदल पहिल्या दोन बाकांपलीकडे दिसत नाही. कॅमेऱ्याखाली तो साऱ्या वर्गाला एकदम दिसतो.

तीस चित्रांत एक सेकंद

फोनचा साधा व्हिडिओ सेकंदाला साधारण ३० चित्रं घेतो, म्हणजे दर तीन चित्रांना एक दशांश सेकंद. एवढ्या माहितीवर मुक्त पतनाचा उत्तम तास होतो. भिंतीला मीटरपट्टी उभी चिकटवा, तिच्या अगदी जवळून चेंडू सोडा, फोन पट्टीच्या मध्याच्या उंचीवर आणि जमेल तितका लांब स्थिर ठेवा. उजेड भरपूर हवा, नाही तर चेंडूऐवजी लांबट पट्टा दिसतो. व्हिडिओ संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून कळफलकावरचं इंग्रजी ‘ई’ दाबत गेलं, की एकेक चित्र पुढे सरकतं.

सुरू करण्याआधी अंदाज: प्रत्येक दशांश सेकंदाला चेंडू सारखंच अंतर कापेल का? मग मुलं वाचतात. साधारण ५, २०, ४४, ७८ सेंटिमीटर. आता त्यांना लागोपाठच्या आकड्यांमधले फरक काढायला सांगा: ५, १५, २४, ३४. कुणी तरी ५ नं भागून बघतं, आणि १, ३, ५, ७ च्या जवळ जाणारे आकडे फळ्यावर येतात. सारख्या काळात कापलेली अंतरं विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात हे गॅलिलिओनं मांडलं होतं, तेही उतरत्या फळीवरून गोळे सोडून. ते नातं मुलांच्या मोजणीतून बाहेर येतं.

आकडे नेमके येणार नाहीत, आणि यावेत असा अट्टहासही नको. चेंडू हातातून नेमका कोणत्या चित्रात सुटला, यावर गटागटांत वाद होतो. तो होऊ द्या. प्रत्येक गटाचं कोष्टक सामायिक तक्त्यात भरा, सरासरी काढा, आणि फरक कुठून आला ते विचारा. तयार व्हिडिओ दाखवला असता, तर हा भाग हातून गेला असता. फोनमध्ये मंदगतीची सोय असेल, तर बहुधा सेकंदाला २४० चित्रं मिळतात. मग दर २४ चित्रांना एक दशांश सेकंद धरा.

भूमितीसाठी हेच काम जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर करतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ मध्ये ते बनवायला घेतलं. वर्तुळाच्या एकाच कंसातला आंतरलिखित कोन घ्या, बिंदू सरकवण्याआधी “कोन वाढेल, कमी होईल की तसाच राहील?” विचारा, आणि मग मुलाला बिंदू ओढू द्या. कोन हलत नाही हे दिसल्यावर थांबू नका. दिसणं आणि सिद्ध होणं वेगळं. “कितीही ओढला तरी बदलत नाही, असं का?” हा प्रश्न घेऊन पुन्हा वहीकडे वळायचं. सिद्धतेची गरज मुलांना त्या वेळी खरोखर जाणवते.

स्लाइड आणि व्हिडिओ

यावर फार लिहावं असं नाही. रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातला एक निष्कर्ष मात्र रोज उपयोगी पडतो: चित्र आणि त्यावरचं बोलणं एकत्र चांगलं समजतं, त्यात तेच बोलणं पडद्यावर लिहूनही टाकलं, तर समजणं कमी होतं. म्हणजे स्लाइडवरची वाक्यं वाचून दाखवणं ही पद्धत सोडून द्या. स्लाइडवर आकृती ठेवा आणि वाक्यं तोंडानं बोला. सजावटीची चित्रं, उडत येणारी अक्षरं, टाळ्यांचे आवाज काढून टाका. अक्षर पुरेसं मोठं आहे का, ते मागच्या बाकावर स्वतः बसून बघा. अपवाद एकच: ज्यांना ऐकू कमी येतं किंवा शिकवण्याची भाषा नवी आहे, त्यांना पडद्यावरचे शब्द लागतात. ते त्यांना जरूर द्या.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा तुकडा करून वापरा. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा आणि मुलांना निवेदन करायला सांगा. मग आवाजासह. थांबायच्या जागा आधी मिनिट-सेकंदासह टाचणात लिहून ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर एक लेखी प्रश्न ठेवा. तास भरून काढायला लावलेला लांब व्हिडिओ मुलं सोशिकपणे बघतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्यातलं एखादं दृश्यच आठवतं.

मुलांच्या हातात उपकरण असेल तेव्हा

सना, वेस्टन आणि सेपेडा यांनी २०१३ मध्ये दाखवलं की व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर दुसरंच काही करणाऱ्यांचे गुण घटतात, आणि त्यांचा पडदा ज्यांना दिसत असतो त्या मागच्यांचेही घटतात. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एकाच्या पडद्यावर चाललेला खेळ चौघांचं शिकणं खातो.

म्हणून दोघांत किंवा तिघांत एक उपकरण. एक चालवणारा, एक सांगणारा, एक लिहिणारा, आणि दर प्रश्नाला भूमिका बदलायच्या. चालवणाऱ्यानं स्वतःच्या मनानं काही करायचं नाही, सांगणाऱ्यानं सांगितलेलंच करायचं, हा नियम ठेवलात तर जोडीला बोलावंच लागतं. मी बोलायला लागले की ‘झाकण खाली’. टॅब्लेट असेल तर पालथा. हा इशारा पहिल्या आठवड्यात सवयीचा करून घ्या आणि तो नेहमी पाळा. काम दिल्यावर आपणही वर्गाच्या मागच्या बाजूनं फिरायचं. तिथून सगळे पडदे दिसतात.

घरच्या अभ्यासाला इंटरनेट सक्तीचं करू नका. ज्या घरात एक फोन आणि तीन भावंडं आहेत, तिथल्या मुलाची गृहपाठाची पाटी कोरी राहते आणि आपण त्याला आळशी समजतो. ऑनलाइन काम दिलंच, तर तेच कागदावर करायची वाट तितक्याच मानानं उघडी ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, आणि गृहपाठ म्हणून निबंध किंवा प्रकल्पाचा अहवाल मागवण्याचा अर्थ बदलला. मी त्यावर पहारा बसवण्याच्या मागे लागले नाही. लेखनाचा कच्चा खर्डा वर्गात, हातानं होतो. घरून आलेल्या कामावर दोन मिनिटं तोंडी विचारते: हा आकडा कुठून घेतला, हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग.

शिक्षकाला मात्र हे साधन चांगलं उपयोगी पडतं. त्याला सांगा, “हे समीकरण सोडव, पण तिसऱ्या पायरीत विद्यार्थी करतात तशी चिन्हाची चूक कर.” मिळालेलं उत्तर मुलांना द्या आणि चूक शोधायला सांगा. एकाच उताऱ्याच्या सोप्या, मध्यम आणि अवघड आवृत्त्या मागा. बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय मागा आणि त्यांतले तुमच्या मुलांना शोभणारे तेवढेच ठेवा. जे येईल ते ओळीओळीनं तपासा. हे साधन खोटी माहितीही तितक्याच ठामपणे देतं, आणि मराठीत विचारल्यावर पारिभाषिक शब्द कित्येकदा भलतेच घालतं. मुलांची नावं, गुण, आजार, घरची परिस्थिती यांतलं काहीही त्यात टाकू नका.

वर्गात ते पडद्यावर वापरायचं असेल, तर तोच क्रम. आधी मुलं उत्तर लिहितात, मग यंत्राचं उत्तर येतं, मग दोन्ही शेजारी ठेवून कुणाचं जास्त बरोबर आणि कशावरून, यावर चर्चा. यंत्राला खोडून काढण्याचा आनंद मुलांना पाठ्यपुस्तक उघडायला लावतो.

आदल्या दिवशी

जे दाखवायचं ते उतरवून ठेवा. तासाच्या वेळी इंटरनेटवर विसंबू नका. केबल जोडून, आवाज लावून, त्याच खोलीत एकदा चालवून बघा. खिडकीतून येणारा उजेड पडद्यावर कोणत्या वेळी पडतो तेही बघा, कारण सकाळी स्पष्ट दिसणारा परिपथ दुपारी दिसेनासा होतो. टाचणाच्या तळाशी ‘वीज गेली तर’ असं लिहून दोन ओळी ठेवा. अंदाज-चर्चा-मतदान हा क्रम पाळलात, तर त्या दोन ओळी सोप्या असतात: प्रश्न फळ्यावर, कार्डं हातात, प्रयोग टेबलावर किंवा दुसऱ्या दिवशी. फोनवर येणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद करा, नाही तर तुमचे घरचे निरोप वर्गभर झळकतील. मुलांचे चेहरे असलेले फोटो आणि व्हिडिओ पालकांच्या संमतीशिवाय काढू नका, आणि काढलेले तुमच्या खासगी फोनमध्ये साठवून ठेवू नका.

एकाच वेळी चार साधनं सुरू करू नका. एका सत्रात एक साधन, एका वर्गावर, एकाच प्रकारच्या प्रश्नासाठी. मुलांना ते हाताळायची सवय झाली की साधनावरचं लक्ष सुटतं आणि विषयाकडे लागतं.

आणि एखादं साधन ठेवायचं की काढायचं, हे तासातल्या उत्साहावरून ठरवू नका. नवं काहीही आणलं तरी पहिल्या दिवशी वर्ग खुलतो. तीन आठवडे जाऊ द्या. मग पडदा, कार्डं, फोन काही न आणता, साध्या कागदावर, त्याच कल्पनेवरचा पण वेगळ्या आकृतीचा प्रश्न द्या. विजेच्या तासासाठी मी तीन दिवे एकसर जोडते आणि मधल्या दिव्याबद्दल विचारते, कारणासह. उत्तरांचे गठ्ठे करा: बरोबर उत्तर बरोबर कारण, बरोबर उत्तर चुकीचं कारण, आणि चुकीचं उत्तर. मधला गठ्ठा जाड निघाला, तर प्रयोग ठेवा आणि त्यानंतरच्या चर्चेला वेळ वाढवा. तिसरा जाड निघाला, तर पुढच्या वर्षीच्या टाचणातून तो पडदा काढून तेवढी मिनिटं खऱ्या दिव्यांना द्या.